चाखायला बसवलेली सून

दीपमाला गायखेला लोक 'वेड्यांची डाक्टरीण' म्हणायचे. म्हणोत बापडे! पंचवटीत भाजीबाजारामागच्या एका खोलीत ती मुलांना तपासायची. आपल्याकडे पोर मंद निघालं की आधी बडवतात, मग नवस बोलतात, आणि सगळं करून थकले की मानसतज्ज्ञाकडे आणतात, हे तिला आता पाठ झालं होतं.

२००३च्या उन्हाळ्यात नवसाबाई आपल्या लेकीला, हर्षालीला घेऊन आली. पोर नऊ वर्षांची, दिसायला सहाची. वरचा ओठ पातळ, डोळे बारीक. काल शिकवलेलं आज साफ विसरायची. आणि पाठीवर हे एवढाले वळ!

"बाप मारतो, सासूबी मारती. ही मुद्दाम करती म्हनं," नवसाबाई म्हणाली.

पोरीचा चेहरा पाहून दीपमालाला संशय आला होता. "पोटुशी असताना दारू घ्यायचीस का गं?"

"अगं बाई! बाईमाणूस पितं का कुठं, ताई?" नवसाबाई चांगलीच रागावली.

पुढच्या खेपेला दीपमालानं नुसतं विचारलं, दिवसभर काम काय असतं? तेव्हा कुठे उलगडा झाला. घरची हातभट्टी होती. पहिली धार उतरली की कडक आहे का पाणचट, हे चाखून सांगायचं काम सुनेचं. गडीमाणूस चाखत नाही, ढोसतो, म्हणून सासूनं, धोंडाबाईनं, हिला बसवलेलं. पोट पुढे आल्यावरही रोज.

"पण ते पिणं थोडंच हाय? ते काम हाय," नवसाबाई म्हणाली.

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं अख्ख्या घराला बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं, "पोर नाटकं करत नाही. पोटात असतानाच दारूनं तिचा मेंदू अधू झालाय. एका वेळी एकच काम सांगा, रोज तसंच करून घ्या, आणि हात उगारू नका." पोरीचा दोष नाही हे कळलं की मार थांबेल, अशी तिची भाबडी समजूत.

गोरक्ष, नवरा, बायकोकडे वळला. "म्हंजी हिनंच नासवली माझी पोर?"

"अवदसा आली घरात!" धोंडाबाईनं कपाळ बडवून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा!

"अहो, पण तिला चाखायला बसवलं कोणी?" दीपमाला ओरडलीच. ऐकायला थांबतंय कोण? धोंडाबाई आणि गोरक्ष केव्हाच पायऱ्या उतरले होते.

महिन्याभरानं नवसाबाई पुन्हा आली. हर्षालीनं स्वतःच्या हातानं वेणी घातलेली, वाकडीतिकडी का होईना. पाठ स्वच्छ. दीपमाला हरखली. "बघ! थांबला ना मार?"

नवसाबाईनं तोंडावरचा पदर काढला. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद.

"थांबला की, ताई. पोरीला आता कोणी बोट लावत नाय. माझ्यावर भागतं."

दीपमालाला स्वतःच्या शहाणपणाची किळस आली. "चल, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ!"

"नको. माझी मी बघीन," नवसाबाई म्हणाली आणि हर्षालीला पुढे बसवलं. "वेणी जमली हिला. आता पुढचं शिकवा."