लिफ्टवाल्या बिल्डिंगचा चिमाजी

पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्या शेठनं नाशकात एम. जी. रोडवर ‘अंगूर चेंबर्स’ उभी केली, ती चौऱ्याऐंशी साली. पाच मजले, खाली विमा एजंट, वर वकील. पण पाटीकडे ढुंकून कोण पाहतो? लोकांनी तिचं बारसं केलं ‘लिफ्टवाली बिल्डिंग’. आणि लिफ्ट म्हणजे चिमाजी. एकविसाव्या वर्षी खाकी सदरा चढवून जो स्टुलावर बसला, तो बासष्टी गाठली तरी उठायचं नाव घेईना.

काय थाट होता त्याचा! खेड्यापाड्यातली नवी जोडपी काळारामाला हात जोडले की थेट लिफ्टमध्ये बसायला यायची. देवळाच्या सवयीनं चपला खालीच काढायची आणि पाचव्या मजल्यावर वकिलापुढे अनवाणी उभी राहायची. चिमाजी पुढच्या खेपेला चपला वर पोचवायचा. अख्खा जिल्हा त्यानं वर चढवला. राहिलं एकच माणूस, तेही घरातलं.

त्याची बायको सिंधुबाई समोरच्याच फूटपाथवर फुलं विकायची. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली, विंचू दिसला तर चपलेनं झोडणारी बाई, पण लिफ्टचं नाव काढलं की पांढरीफटक.

“मी काय पोपट हाय का, पिंजऱ्यात बसायला?” म्हणायची. दर खंडेनवमीला लिफ्टच्या पूजेचा हारसुद्धा दारातूनच द्यायची.

यंदा सोसायटीनं जुनी लिफ्ट काढून बटणांची बसवायचं ठरवलं. जुनीचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. नोकरी सुटणार, याचं चिमाजीला काही वाटत नव्हतं. सिंधूनं एकदा तरी वर यावं, एवढीच आस होती. आठ दिवस त्यानं विनवण्या केल्या. बाई ढिम्म.

आणि खंडेनवमीला सकाळी बघतो तर काय, सिंधुबाई चपला काढून दारात हजर!

“हार मीच घालणार,” ती म्हणाली. “आन् पडले तर तुमाला सोडणार नाय.”

हार कसला, झेंडूचा अजगरच तो. तिनं तो जाळीच्या दाराला गुंडाळला आणि लिफ्ट निघाली. पहिल्या मजल्याला तिनं डोळे घट्ट मिटले. दुसऱ्याला एक उघडला. तिसऱ्याला तिला जे हसू फुटलं, ते आवरेचना.

“अगं बाई, पोटात गुदगुल्या व्हत्यात!”

चिमाजीला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात खाडकन लिफ्ट थांबली. हाराचं टोक जाळीत अडकून दार बोटभर उघडलं होतं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा!

“चिमाजीकाका, काय झालं?” वरून सोसायटीचा मॅनेजर ललित ओरडला.

चिमाजीनं पाहिलं. एकच झेंडू ओढला की दार मिटून लिफ्ट चालू. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

“अडकलीय, साहेब! वेळ लागेल!”

मग बायकोला स्टूल देऊन त्यानं खाली मांडी घातली. सिंधुबाईनं आधी झेंडूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मलाबी दिसतंय ते फूल,” ती म्हणाली. “राहू द्या. दुकानावर शेजारच्या लताबाईला बसवून आलेय, पार सांजपर्यंत.”