लोरीन हॉलिफील्डचा अंगठा

आमच्या खोऱ्यात चाळिशी ओलांडलेला आणि लोरीन हॉलिफील्डच्या हातचं न जेवलेला एक माणूस दाखवा, मी चालवतो ती शाळेची बस तुमच्या नावावर करतो. बस माझी नाही, पण पैज मी हरणारच नाही. एकतीस वर्षं लोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. डोक्याला जाळी, हातात डाव. घरून उपाशी आलेलं पोर तिला रांगेत लांबूनच ओळखू यायचं आणि त्याच्या ताटात न मागता बीन्सचा दुसरा डाव पडायचा. त्या पोरांपैकी मी एक. तेव्हा तिच्याबद्दल मी अगदी तोलूनमापून लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

तिचा नवरा डॉयल रस्ते खात्यात होता. फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, असं वाजवायचा की लोक त्याच्या स्वभावाकडे काणाडोळा करायचे. स्वभाव म्हणजे एरंडेल. लोरीन त्याच्या शेजारी खुर्ची टाकून गिटारवर साथ करायची. अंगठ्याने खालचा सूर, बाकीच्या बोटांनी वरच्या तारा, बुम-चक, बुम-चक, नाच संपेपर्यंत. लोकांना फिडल ऐकू येतं. साथ होती हे ती थांबल्यावर कळतं. मी डबल बास वाजवतो, म्हणजे खालचेच सूर, त्यामुळे हे मला कुणी शिकवायला नको.

एकोणऐंशी साली विद्यापीठातला एक दाढीवाला टेपरेकॉर्डर घेऊन डोंगरात फिरत होता, जुन्या चाली गोळा करत. डॉयलच्या स्वयंपाकघरात बसून त्याने अकरा चाली टेप केल्या. त्यातली एक होती 'उंबऱ्यावरची कोंबडी', डॉयलच्या आजोबांची. त्या चालीत मध्येच एका जागी दोन मात्रा जास्त आहेत. अशा चालीला आम्ही वाकडी म्हणतो, आणि वाकडी चाल म्हणजे शौकिनांना वाटीत लोणी. पुढे त्या टेपची तबकडी निघाली आणि शिकागोपासून जपानपर्यंतची पोरं त्या दोन जास्तीच्या मात्रांसकट 'कोंबडी' वाजवायला लागली. कुणी म्हणे ही स्कॉटलंडहून आलेली खोड आहे, कुणी म्हणे डॉयलच्या आजोबांचा पाय अधू होता म्हणून. एकाने तर त्यावर प्रबंध लिहिला.

असे शौकीन अधूनमधून लोरीनच्या दारात यायचे. ती त्यांना घरचा ॲपल पाय खाऊ घालायची, टेपवर भुंकणाऱ्या कुत्र्याची चौकशी करू द्यायची आणि गिटारचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची. टेप झाल्यापासून तिने बाहेर कुठे वाजवलंच नव्हतं. नाचाला डॉयलच्या साथीला दुसरे कुणी जायचे. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्याकडे नवराबायकोच्या मधल्या गोष्टी विचारत नाहीत, फक्त त्यावर बोलतात.

डॉयल गेला आणि वर्षभराने आमच्या ॲन्सलने तिच्यामागे भुणभुण लावली. ॲन्सल मोज्यांच्या गिरणीतून निवृत्त झालेला, मँडोलिन वाजवतो, आणि जन्मात जिल्हा ओलांडला नसला तरी त्याच्या बोटांना पॅरिसच्या जॅझचं व्यसन. त्याने आणि डेलनी एकर्स नावाच्या तेवीस वर्षांच्या पोरीने मिळून एक बँड काढायचा घाट घातला होता. डेलनी फिडल वाजवते, विद्यापीठात रीतसर शिकलेली. तिने बँजोसाठी मायका नावाचा वीस वर्षांचा पोरगा आणला. हा बँजोवर काय वाट्टेल ते वाजवतो, एकदा त्याने ब्राझीलची कसली तरी धून वाजवली आणि वर म्हणाला, "यात आपल्याच डोंगरातलं पाणी आहे." मला धरलं बाससाठी. गुरुवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो, लाल गाड्यांच्या शेजारी. शिळा कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, ताकात कुस्करून खातात तसं आमचं झालं होतं, जुनं नव्यात मऊ झालेलं. म्हणून नावही तेच ठेवलं, 'ताक आणि कॉर्नब्रेड'. दुकानातल्या बाकावरचे म्हातारे विचारायचे, हे डोंगरातलं म्हणायचं की शहरातलं? मी सांगायचो, ऐकून पोट भरतंय ना, मग जात कशाला विचारता.

अशा या बँडमध्ये लोरीन आली ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पर्समध्ये तार छेडायची, अंगठ्यात घालायची नखी घेऊन. पहिल्या गुरुवारी दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली की ती मागे बसेल, आणि तिचं चुकलं तर आम्ही थांबू नये. मग वाजवायला लागली. ॲन्सलने जॅझमध्ये तीन-चार वाकडी वळणं घेतली, मायका पुढे पळाला, डेलनी मागे रेंगाळली, आणि त्या सगळ्या धुमाळीत लोरीनचा अंगठा भिंतीवरच्या घड्याळासारखा चालत राहिला. मी इतकी वर्षं वाजवतोय, पण तिच्या बाजूच्या माझ्या डाव्या कानाला एवढी स्वस्थता कधी मिळाली नव्हती. चाल संपली की मात्र ती हमखास म्हणायची, "मध्ये कुणी अडखळलं असेल तर ती मीच हं." आम्हाला वाटायचं, बाईचा विनय.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या जत्रेचं बोलावणं आलं. त्यांची एकच अट होती, 'कोंबडी' वाजवायची, कारण मूळ टेपवरची बाई आमच्यात आहे. डेलनी हरखली. लोरीनला न विचारता हो म्हणून बसली आणि गुरुवारी सगळ्यांसमोर बातमी फोडली. लोरीनने गिटार पेटीत ठेवली, खटके लावले. ही चाल ती वाजवणार नाही, म्हणाली, आणि बँडमध्येही आता दुसरी कुणी पाहा. तिची बोटं दुखतात. बोटं दुखणारी बाई खटके असे लावत नाही, हे मला दिसत होतं. दोन गुरुवार तिची खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या आठवड्यात ॲन्सलने सांगितलं की लोरीनने गिटार चर्चच्या बाजाराला देऊन टाकायचं ठरवलंय.

ते ऐकून डेलनी माझ्या गाडीत येऊन बसली. म्हणाली, मला तिच्याकडे ने. मी नेलं.

लोरीनने आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. तेच टेबल, तीच चूल, जिथे ती टेप झाली होती. डेलनीने आधी माफी मागितली, मग जरा वेळाने तिला राहवेना. म्हणाली, "मिस लोरीन," (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात) "मी नऊ वर्षांची होते तेव्हा ती तबकडी ऐकली. त्या दोन मात्रांसाठी मी फिडल धरलं. तुम्ही ती जागा वाजवणार नाही, तर मग कोण वाजवणार?"

लोरीन टेबलावरचं फडकं घडी करत होती. तिने ती घडी मोडली, पुन्हा घातली.

"पोरी, ती जागा नाहीये," ती म्हणाली. "ती माझी चूक आहे."

मग तिने सांगितलं. 'कोंबडी' तिच्या सासरी सरळच वाजवत. त्या दिवशी मशीन चालू असताना तिचा ताल सुटला आणि दोन मात्रा कुठून तरी घुसल्या. चाल संपल्यावर डॉयल दाढीवाल्याला म्हणाला, "बाईच्या हातात ताल दिला की हे असं होतं." दाढीवाला हसला. ती पण हसली, कारण पाहुण्यासमोर दुसरं काय करणार. दाढीवाल्याला मात्र ती चूक फारच आवडली आणि त्याने तीच टेप ठेवली. त्यानंतर चौतीस वर्षं लोक तिच्या दारात येतात आणि तिच्या चुकीचं कौतुक करतात. डॉयलने ती चाल पुन्हा कधी वाजवली नाही. रागाने, असं तिला वाटायचं. तबकडी घरात आहे, पण तिने ती एकदाही लावलेली नाही.

 डेलनीचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, ही आता रडणार. पण ती दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होती.

"तुमचा ताल सुटलेला नाही," ती म्हणाली.

"मी तिथे होते ना, बाळा."

"मीही होते. हजार वेळा. निम्म्या वेगाने." आणि तिने फोन काढला.

लोरीन उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जो मी उभ्या आयुष्यात ठेवला नव्हता. म्हणालो, "मिस लोरीन, तुम्ही मला बारा वर्षं जेवायला घातलंत. एवढं माझ्यासाठी ऐका." ती बसली.

आधी चुलीवरच्या कशाचा तरी खदखद आवाज, मग बाहेर कुत्रं, मग डॉयलचं फिडल, गडगडत आलेलं, आणि त्याखाली अंगठा. वेग निम्मा असल्याने सगळं पाण्याखालून आल्यासारखं, पण स्वच्छ. डेलनी बोट वर करून थांबली. दुसऱ्या भागात तिसऱ्या फेरीला फिडलने वर जायला हवं होतं. ते गेलं नाही. डॉयल विसरला होता. फिडलचा गज तारेवर खरवडला आणि थांबला. आणि खाली अंगठा मात्र चालत होता. बुम. बुम. त्याच जागी, त्याच सुरावर, जराही न डगमगता, दारात कुणाची तरी वाट बघत उभं राहावं तसा. मग डॉयलला वाट सापडली आणि तो आत आला. लोरीनची साथ त्याला तशीच घेऊन पुढे गेली.

डेलनीने ते तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा लोरीनचा अंगठा टेबलावर हलत होता.

"तेव्हा तुम्हाला कळलं नाही?" डेलनीने हळूच विचारलं.

"मी त्याच्या मागून चालायचे," लोरीन म्हणाली. "तो कुठे वेगळा गेला, की मला वाटायचं मीच चुकले. बावीस वर्षांची सवय झाली होती."

डेलनी तरुण आहे, तिला लगेच राग आला. म्हणाली, म्हणजे तो खोटं बोलला, आणि तुम्ही चौतीस वर्षं हात बांधून बसलात. खरं होतं ते. मला पण डॉयलला कबरीतून काढून चार शब्द सुनवावेसे वाटले. पण लोरीन तिसरीकडेच बघत होती, खिडकीच्या बाहेर.

"हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला, ताल तू धरलास, लोरीन. मी म्हटलं, औषधाची गुंगी आहे. त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि झोप म्हटलं." तिने फडकं मुठीत आवळलं. "त्याला माहीत होतं. सगळा वेळ माहीत होतं. आणि म्हणून त्याने ती चाल वाजवली नाही. अरे, एवढंच होतं तर त्याच दिवशी सांगायचं. दोघं मिळून हसलो असतो. गाढवा, आपण दोघं मिळून हसलो असतो."

मग ती रडली. हुंदके देऊन, फडक्यात तोंड खुपसून, आणि मध्येच डॉयलला असे दोन शब्द हासडले की जे शाळेच्या स्वयंपाकघरात कुणी तिच्या तोंडून ऐकले नसतील. आम्ही तिला रडू दिलं. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, आम्हाला ॲपल पाय वाढला आणि डेलनीला म्हणाली, ते यंत्र परत लाव. तो भाग नको, सगळी चाल लाव. मला बाकीचं पण ऐकायचंय. ऐकताना एकदा म्हणाली, "वाजवायचा मात्र सुंदर, मेला."

जत्रेच्या शनिवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं आणि गवतावर घड्या घालायच्या खुर्च्यांची गर्दी होती. पहिल्या रांगेत तो प्रबंधवालासुद्धा असेल, मी काही ओळखत नाही. ॲन्सलची एक जॅझची चाल झाली, मायकाची ब्राझीलची झाली, आणि मग 'कोंबडी'ची पाळी आली. आमच्याकडे रीत आहे, चाल वाजवायच्या आधी ती कुणाकडून मिळाली ते सांगायचं. त्याशिवाय वाजवली तर चोरी समजतात. डेलनी माइकपाशी गेली, मग पुन्हा मागे आली आणि लोरीनच्या खुर्चीजवळ वाकली.

"कुणाचं नाव घेऊ?"

लोरीन नखी अंगठ्यात नीट बसवत होती. "डॉयलचं घे," ती म्हणाली. "चाल त्याची आहे, त्याच्या आजोबांची आहे. मी काही चोर नाही." डेलनी वळली, तशी लोरीनने तिची बाही धरली. "त्यातल्या दोन मात्रा माझ्या आहेत. तेही सांग."

डेलनीने माइकवर जसंच्या तसं सांगितलं. लोक हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. आम्ही वाजवायला लागलो. दुसऱ्या भागात तिसऱ्या फेरीला, त्या जागी, डेलनीने गज उचलला, ॲन्सलने आणि मायकाने हात उचलले, मीही बासवरून बोटं काढली. त्या एवढ्या मोठ्या मैदानात फक्त लोरीनचा अंगठा ऐकू आला. बुम. बुम. मग तिने मान हलवली आणि आम्ही सगळे तिच्या मागून आत आलो.