अंतराळवीराची मुलगी

तो सिनेमा मी एकदाच पाहिला, तोही इंग्रजी, आणि माझी शाळा पाचवीतच सुटलेली. तरी त्यात खरं काय होतं आणि खोटं काय, हे मी आजही सांगू शकते.

वसईजवळच्या एका वाडीत आजारी सरांचं करायला मी राहिले होते. सर निवृत्त शिक्षक, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. मी यवतमाळकडची. नवरा वारला तेव्हा पोरगी अंगावर पीत होती. तिला माझ्या मायजवळ ठेवलं आणि एका सिस्टरच्या ओळखीने इकडे आले. सरांच्या बायकोला मी मावशी म्हणायची. ती ख्रिस्ती माणसं, आपसात स्वतःच्या बोलीत बोलायची, मला सुरुवातीला अक्षर कळत नसे. पण मावशीने पहिल्याच दिवशी मला आपल्या शेजारी टेबलावर जेवायला बसवलं. ते मी विसरायची नाही. तरी पोटातली भीती काही जात नव्हती. पोस्टमन फाटकाशी थांबला की हातातलं भांडं खाली ठेवायचं. पोरीला काही झालं असेल. आणि झालं नसेल, तर ती मला विसरली असेल.

सरांच्या मुलाने कुवेतहून टीव्ही आणि व्हिडिओ आणला, सोबत त्या सिनेमाची कॅसेट. रविवारी चर्चमधली मिस्सा, जेवणं आटोपल्यावर खिडक्यांना चादरी बांधून आम्ही बसलो. सर मराठीत सांगत होते. तीन माणसं कुठल्याशा लांबच्या ग्रहाकडे निघालेली. त्यातला एक यानाच्या बाहेर दुरुस्तीला निघाला आणि आवाज एकदम बंद. मावशी उठली आणि टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा दिल्या.

"गेला! आणून आठवडा नाय झाला."

"अगं, बस खाली. तिथे हवा नाही, आवाज येणार कुठून?" सर म्हणाले.

"एवढा खर्च करून सिनेमा काढला, मग थोडा आवाज घालायला काय झालेलं?"

सर इतके हसले की मला त्यांची लाळ पुसावी लागली.

पण सिनेमा खराच होता. कापलेली नखं खाली पडत नव्हती, तोंडासमोर तरंगत होती. झोपताना माणसं स्वतःला भिंतीला बांधून घ्यायची. एकाची मुलगी घरी होती. तो पडद्यावर तिच्याशी बोलायचा, पण इकडचा शब्द तिकडे पोचायला इतका वेळ लागे, की त्याचा प्रश्न पोचेपर्यंत ती खेळायला निघून गेलेली असे. तेव्हा मी पदर तोंडाला लावला. शेवटी तो परत आला. पायांत जोर उरला नव्हता. दोघांनी त्याला काखेत हात घालून उचललं, अगदी मी सरांना उचलते तसं. आणि मुलगी लांबून धावत आली, त्याच्या गळ्यात पडली.

सरांची एक सवय होती. काहीही वाचलं, पाहिलं, की आधी गुण सांगायचे, मग दोष.

"गुण झाले, आता दोष बोला," सर म्हणाले. "माझा एक. एवढ्या वर्षांत एकाचाही केस वाढला नाही."

"तिघे एका खोलीत, आणि एकदा भांडण नाय?" मावशी म्हणाली. "आपण दोघंच हाव, तरी बघा."

"आणि तुझा, बाय?"

"काही दोष नाही, सर," मी म्हणाले. नखाच्या तुकड्याची ज्या सिनेमावाल्याने एवढी काळजी घेतली, तो लेकराबद्दल खोटं कशाला दाखवेल, असं मला वाटलं होतं.

मावशी त्याच आठवड्यात म्हणाली, "मे महिन्यात जा आणि पोरीला घेऊनच ये. इथल्या शाळेत घालू. घर काय लहान आहे?" मी तिच्या पाया पडले. तिला ते आवडायचं नाही, तरी पडले.

चार वर्षांनी गावी पोचले तेव्हा पोरगी अंगणात चिंचोके खेळत होती. माय म्हणाली, "पाय बरं, तुई माय आली." पोरीने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि जाऊन माझ्या मायच्या लुगड्यामागे उभी राहिली. मी हात पुढे केले. मग वाट पाहिली. सुटी संपत आली तरी वाट पाहिली. गोड बोलले, एकदा रागावले, तेव्हा तर ती जेवलीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने मायला विचारलं, "थे बाई कवा जाईन?"

माय मला म्हणाली, "नेशीन तर ने. तुईच हाय. पण हे पोरगी मरन रडून रडून."

मी एकटीच परतले. मावशी फाटकापर्यंत आली, माझ्यामागे रस्त्यावर पाहिलं आणि माझी पिशवी घेतली.

सरांची दाढी करताना मी म्हणाले, "सर, त्या सिनेमात एक दोष राहिला होता."

"कोणता?"

"ती मुलगी धावत यायला नको होती."

त्यांनी गाल वस्तऱ्यापासून बाजूला घेतला. मग म्हणाले, "तसं दाखवलं तर कोण बघेल?"

"मी बघितला असता."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते पुसता येईना, कारण चालता हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला होता.

आता माझ्या लेकीलाही लेकरं आहेत. चांगली वागते, सणाला साडी पाठवते. पण ती नुसतं 'माय' म्हणते, तेव्हा ती अजून माझी मायच असते. मला ती वसईची माय म्हणते.