उदगीरच्या वाटेवरचं डाळिंब

नांदेडहून निघाले तेव्हा बेत साधा होता. उदगीरचा किल्ला पाहायचा आणि लातूरला रेल्वे धरून कोकणात घरी परतायचं. किल्ला पाहिला, गुडघे दुखवून घेतले आणि दुसऱ्या सकाळी लातूरच्या एसटीत खिडकी पकडली. शेजारी एक बाई येऊन बसल्या, नाव कौशल्याबाई. मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्यात वर एक लालभडक डाळिंब.

"लेकीला घेतलंय," त्या म्हणाल्या. "वैष्णवी. लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय. उद्या येळवस, न्यायला चाललेय."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी इथली घरं कुलूप लावून शेतात जेवायला जातात. थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला. "रोज फोनवर रडती. वाटतंय, गादी-बादली उचलून कायमचीच घरी आणावी. तिचे पप्पा म्हनतेत, आणू नकू. काय करावं, मला कळून न्हाई राहिलं."

माझ्या तोंडाला कुलूप नाही. गावच्या वाचनालयात मी मुलांना गोष्टी सांगते, आणि डाळिंब पाहून मला जुन्या ग्रीक लोकांची गोष्ट आठवली. धान्याची देवी डिमीटर, तिची लेक पर्सेफोनी. मुलगी फुलं वेचत असताना भुई दुभंगली आणि पाताळाच्या राजानं तिला पळवलं. आईनं दुःखात पृथ्वीवर एक कोंब उगवू दिला नाही. शेवटी देव नमले. पण मुलीनं तिथं त्या राजानं दिलेले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, आणि पाताळातलं खाल्लं की परत जावंच लागतं. म्हणून वर्षातले काही महिने ती खाली. ती गेली की हिवाळा, आली की वसंत.

कौशल्याबाईंनी बाहेर पाहिलं. हरभरा, करडई, निसवायला आलेली ज्वारी.

"हिवाळ्यात तर आमचं शिवार भरलेलं आसतंय की! भुई उजाड व्हती उन्हाळ्यात."

मग त्यांनी ते डाळिंब हळूच पिशवीच्या तळाशी ढकललं आणि वर टॉवेल ठेवला. मला आधी हसू आलं, मग कसंसंच झालं.

माझ्या रेल्वेला वेळ होता, म्हणून लातूरला मीही त्यांच्याबरोबर क्लासच्या गल्लीत गेले. तिथं भिंत दिसत नव्हती, नुसते फलक. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "टेस्ट आलीय, सुट्टी नाही."

"बाई, येळवसाला वाटसरूलाबी हाक मारून जेवू घालतेत. माझी लेक घरची आसून इथं ऱ्हाईल व्हय?"

बाईही याच मातीतल्या. हसल्या. "परवा दुपारपर्यंत हजर करा."

वैष्णवी जिन्यावरून आली ती आईच्या गळ्यातच पडली. पोरीची गालफडं बसली होती. निघताना कौशल्याबाईंनी माझाही हात धरला. "ताई, तुमीबी चला. येळवसाला न्हाई म्हनायचं नसतंय." मी तिकीट रद्द केलं. त्यांच्या गावाकडे जाताना वैष्णवीनं माझ्याकडून डाळिंबाची सगळी गोष्ट काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याची कोपी (खोप) उभी राहिली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांची पूजा. मग भज्जी (ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) आणि माठातली आंबील (ताकातलं ज्वारीचं पेय). आग्रहाला बळी पडून मी इतकी आंबील प्याले की चिंचेखाली आडवी झाले आणि माझी चप्पल कुत्र्यानं पळवली. वैष्णवी पोट धरून हसली. वडील रिवाजाप्रमाणे पिकावर आंबील शिंपत मोठ्यानं ओरडत पुढे, ही मागे.

दिवस कलला तशी ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "माय, मी न्हाई जात परत. इथंच ऱ्हाते."

कौशल्याबाई नुसता केसांतून हात फिरवत राहिल्या. "ऱ्हा" हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता.

सकाळी फाट्यावर आम्ही बसची वाट पाहत होतो. वैष्णवीची बॅग सोबत होती; भरली होती आईनंच. पोर मान वर करत नव्हती. कौशल्याबाईंनी पिशवीच्या तळातून ते डाळिंब काढलं, दगडावर आपटून फोडलं आणि दाणे ओंजळीत घेतले.

"माय, मावशीची गोष्ट..." वैष्णवी चपापली.

"ठाव हाय. त्या मायला कुणी इचारलं न्हाई. म्या माझ्या हातानं देऊन राहिले. खा. आन् परीक्षा झाली की ये."

"तवा तर उन्हाळा आसंल. समदं उजाड."

"मंग तवाच ये की! मला तवाच लागती तू."

वैष्णवी रडत रडत सगळे दाणे खाऊन गेली. कौशल्याबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. बस आली तेव्हा त्यांनीच बॅग वर चढवली आणि मागे वळून न पाहता शिवाराच्या वाटेला लागल्या.

लातूरपर्यंत वैष्णवी माझ्या खांद्यावर झोपली होती. रेल्वेत बसल्यावर मात्र मला झोप लागेना. घरी पोचले की वाचनालयातली मुलं गोष्ट मागणार, आणि कुणीतरी विचारणारच, दाणे दिले कुणी? आजवर मी बेधडक पाताळाच्या राजाचं नाव सांगत आले. आता ते नाव घेताना मला फाट्यावरची ती लाल झालेली ओंजळ आठवेल.