सालेहचे साडेपाच महिने

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. औरंगाबादच्या पैठण गेटवर गाड्यांना वाट करून देणारा सालेह बिन उमर दोन महिन्यांपूर्वी गेला. सरकारी दप्तरात त्याच्या नावापुढे अखेरपर्यंत ‘गैरमुल्की’ असंच राहिलं, म्हणजे या मुलखाचा नसलेला, परका. ते तसं राहिलं माझ्यामुळे. मला आता पन्नाशी लागली आहे. तीस वर्षं कचेरीत उर्दू कागद लिहिण्यात गेली. कागद कसा लिहिला म्हणजे मंजूर होतो आणि कसा लिहिला म्हणजे पडतो, हे मला चांगलं कळतं. तेव्हा चुकून झालं असं म्हणायची सोय मला नाही, आणि ती मला नकोही आहे.

बातमी घेऊन माझा मेव्हणा किसन आला. अंगावर सरकारी डगला, कमरेला पट्टा, पण डोक्यावरचा पटका हातात. भर कचेरीत माझ्या मेजापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दाजी, आरब गेला.” मग भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखा रडला. आमचे हेडमुन्शी चष्मा वर करून बघत राहिले. त्यांना काय ठाऊक, की ज्या जागेचा पट्टा किसनच्या कमरेला होता ती जागा कुणाची होती! किसनलाही ठाऊक नव्हतं. हे वाचून त्याला पहिल्यांदाच कळेल... कळू दे.

सालेह अरबस्तानातल्या हद्रमौतचा. ऐन विशीत समुद्र ओलांडून आला आणि सरकारच्या अरबी पलटणीत लागला. अशी परमुलखातली माणसं आपल्या रियासतीत काही कमी नाहीत. रोहिले आहेत, हबशी आहेत, बड्या हुद्द्यांवर गोरे साहेबही आहेत. पुढं पलटण मोडली. बरोबरीचे कुणी हैदराबादेला गेले, कुणी जहाजानं घरी. सालेहनं पाचोडची अमीना बायको केली होती, तो राहिला. पैठण रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रीच्या पहाऱ्याचं काम धरलं आणि दिवसा झोपायच्या वेळी गेटवर उभा राहायला लागला. त्याला तिथं कुणी नेमलं नव्हतं. एकदा कमानीत समोरासमोरच्या दोन गाड्यांचे आस एकमेकांत अडकले. एक बैल गुडघ्यावर आला, मागं चितेगावापर्यंत म्हणावं अशी रांग लागली, आणि गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. सालेह जिनिंगमधून घरी निघाला होता. त्यानं खांदा देऊन गाडी उचलली, बैल उभा केला, आणि मग कमानीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. आठ दिवसांनी चौकीच्या नाइकानं त्याला विचारलं, “किसने खड़ा किया रे तेरेकू?” हा म्हणाला, “बैलानं.” नाईक हसला आणि त्याला उमेदवार म्हणून ठेवून घेतलं. उमेदवारी म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. काम आजपासून, नोकरी खुदाच्या मर्जीनं.

त्याचा कायदा एकच होता. भरलेली गाडी आधी, रिकामी मागं. त्याच्या मुलखात डोंगराच्या अरुंद वाटेवर दोन उंट समोर आले की रिकाम्या उंटानं दरीच्या बाजूला सरून उभं राहायचं असतं. मग मालक शेख असो की गुलाम. तोच कायदा त्यानं पैठण गेटात आणला. सुरुवातीला लोक खवळले. “आमच्याच येशीत आमालाच थांब म्हनतो का रं तू? कुठला, कोन तू?” असं पाचोडचा एक गाडीवान त्याच्या अंगावर आला. सालेह शांतपणे म्हणाला, “मी कुटला ते सांजच्याला सांगतो. तू रिकामा हायेस, ते आता सांगतो. सर मागं.” पाच-सात वर्षांत त्याची मराठी अशी झाली होती. ‘ट’ आणि ‘ठ’ त्याला कधी वेगळे करता आले नाहीत, पण बैलाला वळवायची हाक तो अशी घाली की बैल धन्याच्या आधी त्याचं ऐकत.

एकदा एक म्हातारा धनगर शंभरेक मेंढरं घेऊन आला आणि मुद्दाम त्याला पेचात धरू लागला. “काय आरबबुवा, आमी भरल्यालं का रिकामं?” समोर सरकीची गाडी. सालेहनं एका मेंढीच्या पाठीत बोटं घातली. “लोकर हाये. भरल्यालं. जा.” पुढं महिनाभरानं तोच धनगर कातरलेली मेंढरं घेऊन आला, तर ह्यानं हात आडवा केला. “आता नाय. आता थांब.” म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून गेटावर त्याला परका म्हणणारं माणूस उरलं नाही. उरलं नाही म्हणजे, दप्तर सोडून.

मी रोज त्याच गेटातून कचेरीला जात असे, त्यामुळं ओळख झाली. तो मला मुन्शीजी म्हणे. मी चालत जाणारा माणूस, तरी काखेत कागदांचं बोचकं असलं तर हात करून सांगे, “भरलेले हायेत, जाऊ द्या.” कधी अमीनानं केलेली गोड भाकर माझ्या बोचक्यावर ठेवून देई. माझ्यासारख्या अबोल माणसाचा त्या शहरात तो एकटाच मित्र होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग मोटारीचा प्रकार घडला. तालुकदारसाहेब, म्हणजे अख्खा जिल्हा ज्यांच्या सहीवर चालतो ते, मोटारीतून शहराबाहेर निघाले होते. समोरून कापसाची गाडी कमानीत शिरलेली. सालेहनं मोटार थांबवली. शोफर ओरडला, “अंधा है क्या? साब बैठे हैं!” सालेहनं खिडकीतून आत डोकावून पाहिलं, सलाम केला आणि म्हणाला, “साब एकटे हैं. गाड़ी खाली है.” कापूस कमानीतून बाहेर पडला, मग मोटार गेली. दोन दिवसांनी कचेरीत साहेबांचा जबानी, म्हणजे तोंडी, हुकूम आला, की पैठण गेटवरची एक जागा कायम करा आणि त्या अरबाला द्या. फक्त त्याचा मुल्की दाखला लागेल. पंधरा वर्षं सलग इथं राहिल्याचा. अर्ज तयार करायचं काम माझ्याकडे आलं.

आणि त्याच जागेसाठी दुसरा अर्ज किसनचा होता.

बायकोनं मला काही सांगितलं नाही असं नाही. “समद्या गावाचे कागद तुमच्या हातातून जातात. माझा एक भाऊ तेवढा मेंढरामागं फिरंल जल्मभर?” असं ती चुलीपाशी बसून बोलली. एकदाच. पण तिच्यावर मी काही ढकलणार नाही. तिनं अर्ज लिहिला नाही. मी लिहिला.

सालेह माझ्यासमोर पाटावर बसला होता. धुतलेला डगला, कमरेला जंबियाची वाकडी कट्यार, दाढीला अत्तर. मी विचारलं, औरंगाबादेत कधी आलास? तो म्हणाला, “रमजानच्या चांदला आलो. गेल्या चांदला पंधरा झाले.” बोटांवर मोजून दाखवले त्यानं, एकेक रमजान, कुठला कुठं गेला, कुठला तापात गेला. हिशेब चोख होता. फक्त तो चंद्राचा होता. आपल्या पंचांगात तीन वर्षांनी अधिक महिना घालून चंद्राला सूर्याशी जुळवून घेतात. त्यांच्यात अधिक महिना नसतो, म्हणून तर रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. सरकारी मुदत मोजतात फसली सालानं, आणि फसली साल सूर्याचं. पंधरा रमजान म्हणजे फसलीची साडेचौदा वर्षं. सालेहला साडेपाच महिने कमी पडत होते.

एका सनाची तारीख दुसऱ्या सनात फिरवणं हे माझं रोजचं काम. हा हिशेब करायला मला कागद लागला नाही, तोंडीच झाला. साडेपाच महिने थांब, एवढं म्हणायचं होतं. साहेब खूश होते, जागा तोवर राखून ठेवता आली असती. तशा राखून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसून म्हणाला, “लिवा मुन्शीजी.” आणि मी लिहिलं. त्यानं सांगितलेली तारीख जशीच्या तशी फसलीत फिरवून, सुंदर अक्षरात. एक शब्द खोटा लिहिला नाही... त्या अर्जातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त लाजवते. त्यानं खाली अंगठा दिला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

अर्ज पडला. ‘मुदत पूर्ण नाही.’ जागा किसनला मिळाली. मी सालेहला बातमी द्यायला गेटावर गेलो. वाटलं होतं तो चिडेल. तो कमानीकडे पाहून म्हणाला, “म्हणजे सरकारचा रमजान लांब असतो माझ्याहून.” मग हात वर करून एक ऊस भरलेली गाडी सोडली.

इथंवर ऐकून कुणी म्हणेल, गप्प राहिलास एवढंच ना? एवढंच नाही. सहा महिन्यांनी तो पुन्हा माझ्याकडे आला. कुणीतरी त्याला फसलीचं समजावलं होतं. “आता तर झाले ना? आता लिवा. नौकरी नको, किसन चांगला पोरगा हाये. नुसता दाखला द्या. कागदावर मी इथला व्हायचा हाये.” दाखला त्याला त्या दिवशी मिळाला असता. अर्धा दिवस लागला असता. पण नवा अर्ज गेला असता तर जुना बाहेर निघाला असता, आणि कुणीतरी विचारलं असतं, की रोज सन फिरवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात कसं आलं नाही? मी म्हणालो, “एकदा नामंजूर झालेला अर्ज पुन्हा लागत नाही, सालेहमियाँ. कायदाच तसा आहे.” असा कायदा नाही. कधीच नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण कायदा त्याला प्रिय होता. रिकाम्या गाडीनं थांबायचं असतं ना, तसं त्यानं ते ऐकून घेतलं.

पुढं नऊ वर्षं तो गेटावर उभा राहिला. बिनपट्ट्याचा, बिनहुकमाचा. पट्टेवाल्या किसनला त्यानंच सगळं शिकवलं. बिथरलेला बैल डोळ्यांतून कसा ओळखायचा, लष्कराच्या ट्रका आल्या तर तांगेवाल्यांना आधी भिंतीकडं कसं घ्यायचं. किसन त्याला ‘उस्ताद’ म्हणे. दोघं एका डब्यात जेवत. लढाई सुरू झाल्यावर छावणीच्या ट्रका दिवसरात्र धावू लागल्या. पण त्या कमानीत एक माणूस चिरडला नाही, ह्याचं श्रेय किसन आजही स्वतःकडं घेत नाही. मी मात्र रस्ता बदलला. लांब पडतं तरी औरंगपुऱ्यातून जाऊ लागलो. सालेहनं एकदा किसनजवळ निरोप दिला, “मुन्शीजीला म्हनावं, रिकामे असले तरी सोडीन.” मी त्यावरही गेलो नाही.

थंडीत त्याच्या छातीत कफ झाला. जिनिंगचा पहारा आणि गेटाची धूळ, दुसरं काय होणार. मी भेटायला गेलो तेव्हा बोलण्याइतका शुद्धीवर होता. मी तोंड उघडायच्या बेतानंच गेलो होतो. तो अमीनाला म्हणाला, “हे मुन्शीजी. माझ्यासाटी लई झटले.” मी न सांगताच उठलो. चार दिवसांनी किसन पटका हातात घेऊन कचेरीत आला.

मातीला पाचोडचे गाडीवान आले, तांगेवाले आले, तो ठसका लागलेला धनगर लेकाच्या खांद्यावर हात ठेवून आला. कुणीतरी खोदणाऱ्याला सांगत होतं, “नीट खांदा. आपल्या गावचा मानूस हाये.” त्या अडाणी माणसानं एका वाक्यात जो दाखला दिला, तो द्यायला माझा हात नऊ वर्षं उचलला नव्हता.

मी परवा दप्तरातल्या जुन्या मिसली, म्हणजे फायली, काढल्या. अर्ज आहे, अंगठा आहे, माझं अक्षर आहे. मेलेल्या माणसाला मुल्की दाखला मिळत नाही, हा मात्र खरा कायदा आहे. म्हणून हे इथं लिहिलं. हेडमुन्शी वाचतील, साहेबांपर्यंत जाईल, माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. त्याची मला आता फारशी धास्ती नाही.

पण छापून आलेलं तुम्ही वाचाल. अमीनाला वाचता येत नाही. ती मला भाऊ म्हणते. चाळिसाव्याला तिनं मला मानानं बसवून जेवू घातलं आणि मी जेवून, हात धुऊन परत आलो. तिच्या दारात उभं राहून दोन गोष्टी तोंडानं सांगायच्या आहेत. तुझा नवरा या मुलखाचा झाला होता, आणि तसं कागदावर मी येऊ दिलं नाही. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.