इलियासभाईंचं कोरं नाणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे आठवलं की मला अजून घाम फुटतो!

मी मुरुडचा निवृत्त भूगोल शिक्षक. नाद एकच, नव्या नाण्यांचा. बँकेत नाण्यांचं सीलबंद पाकीट आलं की ते घरी आणायचं आणि शंभरच्या शंभर नाणी दिव्याखाली तपासायची. तुम्ही म्हणाल, नवी नाणी सगळी सारखीच! छे हो! एकमेकांवर आपटून त्यांना ओरखडे पडतात. बिनओरखड्याचं शंभरात एक मिळालं तरी नशीब.

त्या रविवारी पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यांत मला तसं एक सापडलं होतं. दोन दिवस डोळे फोडले होते त्यासाठी! तेवढ्यात इलियासभाई आले. किनाऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं लॉज आहे. माझ्याच नादी लागून नाणी जमवायला लागलेला माणूस. कानातल्यांच्या डबीत, कापसावर ठेवून, त्यांनीही पाच रुपयांचं एक नाणं आणलं होतं.

“सर, जरा बघा ना. मला येक इचारायचं हाय...”

“विचारू नका, मीच सांगतो!” मी नाणं दोन बोटांत कडेने धरलं. अहाहा, काय झळाळी! “कोरं! थेट बँकेच्या पाकिटातलं. माणसाचा हात लागलेला नाही!”

“पण सर, ह्ये...”

“गप्प! नाण्यावर तोंड उघडायचं नाही. थुंकीचा एक थेंब उडाला की कायमचा डाग!”

आणि ‘थुंकीचा’ म्हणताना तो उडाला हो! बरोब्बर मधोमध! माझाच!

इलियासभाई डबीतला कापूस नीट करत होते, त्यांना काही दिसलं नाही.

“आधी हात धुऊन या!” मी ओरडलो. “साबणाने! दोनदा!”

बिचारे मोरीकडे गेले. मी सदऱ्याच्या टोकाने थेंब टिपायला गेलो. अहो, नाणं कधी पुसायचं असतं का? वीस वर्षं लोकांना हेच तर बजावत आलोय! दिव्याखाली धरलं, तर चार बारीक रेघा उठलेल्या.

मी आजारी पडलो तेव्हा याच माणसाने मला स्वतःच्या गाडीतून अलिबागला नेलं होतं, आणि त्याचं कोरं नाणं मी नासवलं! आता तोंड कसं दाखवणार?

साल बघितलं. माझ्या नाण्याचंही तेच!

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. काळजावर दगड ठेवून मी माझं शंभरातलं एक त्यांच्या कापसावर ठेवलं आणि त्यांचं खिशात घातलं.

इलियासभाई आले. डबी उचलून खिडकीपाशी गेले. नाणं हातात घेतलं. बघताहेत, बघताहेत... उलटं करून पुन्हा बघताहेत! बाहेर कोंबडी ओरडली तरी मी दचकलो.

“सर, ह्ये माझं न्हाय.”

“असं कसं? उजेडाचा फरक असेल!”

“न्हाय सर. ह्ये लय भारी हाय. माझं काल कोलंबी घेतली तवा सुट्ट्यात आलेलं. मासळीवाल्या मावशीने ओल्या हाताने दिलं. काळं पडलेलं, म्हणून अम्मीने चिंचेने घासलं. मी इचारायला आलो होतो, घासलेलं नाणं जाणकाराला वळखू येतं का?”

मी खिशातून त्यांचं नाणं काढलं आणि सगळं कबूल केलं, थुंकीसकट.

इलियासभाई खिडकीचा गज धरून असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी! माझं शंभरातलं एक त्यांच्या ओल्या अंगठ्याखाली चांगलं मधोमध दाबलेलं.

“वाईट वाटून घेऊ नका सर,” डोळे पुसत ते म्हणाले. “तुमचं ते बँकेचं पाकीट द्या इकडे. अम्मी सगळी कोरी करून देईल!”