चढावरची तक्रार

कृष्णकांत माने मूळचे साताऱ्याचे. एअर फोर्समध्ये इंजिनं दुरुस्त करता करता शेवटची बदली चंदीगडला झाली आणि मनीमाजऱ्यात घर घेऊन ते तिथलेच झाले. कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसणारा माणूस. तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट त्यांच्या हाडीमाशी भिनली होती. वैमानिकानं विमान उतरवल्यावर तक्रार लिहिली की फिटरनं ती निस्तरायची आणि खाली सही करायची. सही होत नाही तोवर विमान उडत नाही. तक्रार का केली, हे कुणी विचारत नाही.

घरातली एकच तक्रार त्यांच्या हातून निस्तरायची राहिली होती. बायको शैलजाबाई मेडिकल इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये होत्या. पन्नाशीत त्यांना हौस आली आणि दोन सीटांची, आठशे सीसीची लाल स्पोर्ट्स गाडी त्यांनी जुन्यात घेतली. दिसायला ऐटबाज, चढावर मात्र गोगलगाय. दर महिन्याला दोघं डोंगरावरच्या कसौलीला जात आणि परवाणू मागं पडलं की शैलजाबाई म्हणत, हिला दमच नाही हो. मोठं इंजिन बसवतो, असं कृष्णकांत म्हणाले की त्या म्हणत, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. अशी अकरा वर्षं गेली. मग चार दिवसांच्या तापानं शैलजाबाईच गेल्या.

कृष्णकांत रडले नाहीत. फौजी माणूस, घट्ट आहे, असं लोक म्हणाले. घट्ट कसला! आत काही हलतच नव्हतं. चहात साखर पडली की नाही, तेही त्यांना कळत नसे. वर्षश्राद्धाला दोन महिने उरले तेव्हा ते गाडी घेऊन इंडस्ट्रियल एरियातल्या भूपिंदरच्या गॅरेजमध्ये गेले. ही शेवटची तक्रार निस्तरली की छातीवरचा धोंडा हलेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

तेराशे सीसीचं इंजिन त्या चिमुकल्या गाडीत बसवणं म्हणजे पाहुण्याला पाळण्यात झोपवणं. इंजिन धरणारे खांदे नव्यानं वेल्ड करावे लागले, रेडिएटर बदलला, ब्रेक मोठे घातले, तरी बॉनेट लागेना. भूपिंदर वैतागून म्हणाला, सरजी, नवी गाडीच घ्या ना. कृष्णकांतांनी मान हलवली आणि पत्रा ठोकायला घेतला. गाडीच्या कागदांवर नव्या इंजिनाचा नंबर चढवून घेतला. जुनं इंजिन भंगारात गेलं. गाडी सुरू झाली तेव्हा गॅरेजमधले सगळे टाळ्या वाजवत होते आणि कृष्णकांत शांतपणे हात पुसत होते.

वर्षश्राद्धाला मुलगी देवयानी पुण्याहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन ते निघाले. पंचकुला, पिंजोर, परवाणू. चढ लागला आणि गाडी वर उसळली. ट्रक, बस, सगळे मागं पडले. ऐकू येत होता तो फक्त वारा. कृष्णकांत वाट बघत होते, आता काहीतरी वाटेल. बघता बघता कसौली आलं. दोघंही सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नव्हते.

गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईची तक्रार मिटवली."

"आईला ती मिटवायचीच नव्हती, बाबा," देवयानी म्हणाली. "मला फोनवर सांगायची ना. तुझे बाबा घरी नुसतं हं-हं करतात. गाडी चढावर रखडली की बोलायला लागतात. लहानपणचं, नोकरीतलं, सगळं. म्हणायची, त्यांना बोलतं करायला चढच लागतो. म्हणून तर तुम्हाला इंजिन बदलू देत नव्हती."

कृष्णकांतांचा हात गिअरवरच राहिला. अकरा वर्षं ती बाई त्यांना 'राहू द्या' म्हणत आली आणि त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं. छातीत कळ आली. वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी दुखलं, आणि त्यांना त्या दुखण्याचं बरं वाटलं.

परत निघाले तेव्हा त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. कृष्णकांतांनी हात बाहेर काढून त्यांना पुढं जायला सांगितलं.

"आणखी काय सांगायची ती?" त्यांनी विचारलं.